वाटेवरची गाठ मी सोडली

तुळसाबाईंवर अन्याय झाला तो पौषातल्या शेवटच्या सोमवारी, दुपारी बाराच्या आसपास, गरमसूरच्या डोंगरांतल्या एका कड्याखाली. त्या साठीच्या पुढच्या, डोंगरावरचं गवत कापून पोट भरणाऱ्या. अन्याय करणारा मी. आमच्या युवक मंडळाच्या अहवालात यातलं एक अक्षर नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आदल्या दिवशी, रविवारी, मी आणि माझा मित्र दिगंबर पहाटेच्या लाल गाडीने हिंगणघाटहून निघालो. वर्ध्याला गाडी बदलली, आर्वीला पुन्हा बदलली. खिडकीला काच नव्हती तिथे आम्ही पत्रकांचा गठ्ठा लावून वारा अडवला. पत्रकाचं नाव ‘विचारल्याशिवाय मानू नका’. मजकूर माझा. बेत असा की डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं आणि तिथल्या गावात संध्याकाळी अंधश्रद्धेविरुद्ध सभा घ्यायची. रस्त्याने वळसा घालूनही जाता आलं असतं. पण डोंगर ओलांडून आलो, असं मला सभेत सांगायचं होतं.

गाडीने सोडल्यावर तास-दीड तास चाललो. पायथ्याच्या गावात आम्हाला ओसरी दिली तुळसाबाईंनीच. सोले (तुरीचे कोवळे दाणे) घालून केलेलं वांगं आणि गरम भाकर. असं जेवण मला महिन्याभरात मिळालं नव्हतं. माझे कॅनव्हासचे बूट पाहून त्या हसल्या. “हे पायतान वर टिकते काय रे बाबू?” मी त्यांना पत्रक दिलं. वाचता येत नाही म्हणाल्या, पण घडी करून कोनाड्यात ठेवलं.

सकाळी त्यांनी वाट दाखवली. घरचं आवरून आपणही मागून गवताला येते, असं सांगितलं.

डोंगर उंच नाही. सह्याद्री पाहिलेले लोक याला टेकाडच म्हणतील. पण सागाच्या वाळक्या पानांवर पाय घसरतो आणि कमरेइतक्या गवतात पुढचं दिसत नाही. खाली तुरीची पिवळी शेतं, वर उघडा काळा कडा. अर्ध्या तासाने वाट अरुंद झाली. तिथे दोन्ही बाजूंच्या गवताच्या झुबक्यांची आडवी गाठ मारलेली होती. गाठीत पळसाचं हिरवं पान खोवलेलं.

दिगंबर थांबला. कोणीतरी मुद्दाम बांधलेली दिसते, म्हणाला. खाली जाऊन विचारू या का, असंही म्हणाला. मला तर आयतं व्यासपीठ मिळालं. भूत अडवायला बांधली असेल, नजर बांधली असेल, अशाच गाठी लोकांच्या डोक्यात आहेत, वगैरे वगैरे. बोलता बोलता गाठ उपसली आणि दरीत फेकली. दिगंबरने मान डोलावली नाही. मला त्याचा राग आला.

कड्याखाली पोचलो तेव्हा आधी आवाज आला, दळणाच्या गिरणीसारखा. वर आग्या मोहोळ लोंबत होतं आणि त्याचा एक तुकडा तुटून खाली पडला होता. पहिली माशी कानामागे चावली. पुढचं मला सलग आठवत नाही. वाट सोडून आम्ही बाजूच्या नाल्यातून घरंगळत खाली आलो. एक बूट वरच राहिला. शिखर राहिलं, सभा राहिली. पायथ्याच्या झऱ्याशी बसून एकमेकांच्या मानेतले काटे काढत होतो आणि मी पुन्हा चढायच्या गोष्टी करत होतो.

तेवढ्यात गावची गुरं राखणारे किसनभाऊ आले. आमची तोंडं पाहिली आणि विचारलं, “गाठ नाई दिसली काय तुम्हाले?”

मी काढली, म्हणालो. त्यांनी शिवी दिली नाही. सकाळी मोहळघारीने (मोहोळ फोडून खाणाऱ्या घारीने) पोळं फोडलेलं त्यांनी पाहिलं होतं. असं झालं की माश्या दिवसभर पिसाळलेल्या राहतात. मग ज्याने पाहिलं त्याने वाटेवर गाठ मारायची आणि माश्या शांत झाल्यावर त्यानेच सोडायची. गावातलं शेंबडं पोरही गाठ पाहून मागे फिरतं.

मग ते एकदम वाटेकडे पाहू लागले. “तुळसाबाई वर गेली आत्ता.”

त्यांनी ओल्या पाल्याचा धूर केला, घोंगडी अंगावर घेतली. मीही उठलो. ते म्हणाले, “तू खालीच राह्य. अजून एकाले उचलून आनाले माह्यापाशी पाठ नाई.”

त्या दिवसात मी दुसऱ्यांदा मागे फिरलो ते असं. मला किती वेळ बसावं लागलं, ठाऊक नाही. एवढा लांब वेळ मी कधी काढलेला नाही.

किसनभाऊंनी त्यांना पाठीवर आणलं. दोन्ही डोळे सुजून मिटलेले, ओठ जाड झालेले, मुठीत विळा तसाच. बैलगाडीत टाकून कारंज्याच्या दवाखान्यात नेताना त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “गाठ नव्हती ना बापा. गाठ असती त मी काऊन गेली असती?” त्यांना वाटत होतं, आपल्यालाच दिसली नाही. आपली नजर गेली.

मी सांगितलं, मावशी, मी काढली. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

“काऊन रे बाबू?”

मी दोनशे पत्रकं लिहून आणली होती. उत्तर एकातही नव्हतं.

तुळसाबाई वाचल्या. उजव्या डोळ्याने अजून धूसर दिसतं, आणि गवत कापणाऱ्या बाईला धूसर दिसणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. आमच्या अहवालात मात्र लिहिलं आहे, ‘प्रतिकूल परिस्थितीमुळे दौरा अर्धवट राहिला.’ हे खोटं आहे. परिस्थिती ठीक होती. प्रतिकूल मी होतो.

परतीच्या गाडीत मी एका पायाने अनवाणी होतो आणि पत्रकांचा गठ्ठा पुन्हा खिडकीला लावला होता. त्याचा तेवढाच उपयोग झाला.

या पत्रकांचा गठ्ठा तुमच्याही घरी आला असेल. पुढच्या गावी ती वाटण्याआधी तिथल्या एका माणसाजवळ बसा आणि त्याला विचारा, ही गाठ कशाची. त्याचं ऐकून होईपर्यंत हात खिशात ठेवा. आणि कोणाची गाठ न विचारता उपसून आला असाल, तर अहवाल नंतर लिहा. आधी परत जा आणि त्या माणसासमोर सांगा, की ती मी काढली.