सोमवारचे प्लग

आमच्या घरात सोमवारी दोन पूजा चालत. एक देवघरात सासूबाईंची आणि दुसरी अंगणात, जिप्सीचं बॉनेट उघडून, अप्पांची. सासूबाईंची आधी आटपायची.

अप्पा म्हणजे माझे सासरे, गुरुलिंगअप्पा. लातुरात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. गाडी जुनी, पेट्रोलवरची, चार प्लगांची. इंजिन गार असतानाच ते एकेक वायर काढत, भोवतालची धूळ फुंकत, लांब पान्याने प्लग सोडवत आणि ठिणगी पडते ते त्याचं टोक उजेडाला धरून बघत. बिस्किटाच्या रंगाचं निघालं तर ठीक. काजळी दिसली की पॉलिश पेपरने घासायचं, टोकाची फट नीट करायची, आधी हाताने फिरवून बसवायचं आणि मग पान्याने आवळायचं. कुठला प्लग थकलेला वाटला की नवा आणायचा.

खरं तर हे वर्षातून एकदा केलं तरी पुष्कळ. नवी नवरी असतानाच मी तसं बोलून मोकळी झाले. माझी जीभ पहिल्यापासून लांबच. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि कारण सांगितलं. त्यानंतर सोमवारचा चहा मी मुकाट्याने अंगणात नेऊन देऊ लागले.

कारण भूकंपाचं होतं. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला अप्पा औशाकडच्या आपल्या गावी होते. गावचा गणपती त्यांच्याच जिप्सीतून निघाला. गाडी संध्याकाळपासून पहिल्या गिअरमध्ये, लेझीमवाल्या पोरांच्या मागे मुंगीच्या पावलांनी चालली. पहाटे गाव खाली बसलं. अप्पांची बहीण शिवकांता दगडमातीखालून जिवंत निघाली, तिचा नवरा मात्र नाही. तिला गाडीच्या मागच्या बाकावर निजवलं आणि डोकं तिच्या लेकीच्या, सात वर्षांच्या आरतीच्या मांडीवर दिलं. आणि गाडी लागेना, किल्ली फिरवून फिरवून इंजिन सुरूच होईना. मिरवणुकीत हळूहळू चालून चारी प्लग काजळीने भरले होते. अप्पांनी ते काढले, धोतराच्या सोग्याने पुसले, परत बसवले. तेव्हा कुठे गाडी लागली. लातूरच्या दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

गाडी मिरवणुकीला द्यायला नको होती, दिली तर आल्याबरोबर प्लग बघायला हवे होते. अप्पांनी हे मनाला लावून घेतलं ते घेतलंच. देवाला दोष दिला नाही, भूकंपाला दिला नाही. सगळा स्वतःकडे ठेवला.

आरतीला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती बारावीला होती. लातुरात क्लासचं नुसतं पेव फुटलं होतं. बाहेरगावची पोरं दाटीवाटीने खोल्या करून राहत आणि आमच्या गल्लीत तर घरांपेक्षा पाट्या जास्त. आरतीचा क्लास हाकेच्या अंतरावर, तरी अप्पा तिला जिप्सीनेच सोडत. परीक्षेच्या सकाळी ती पोहे खात होती आणि गाडी दारात घुरघुरत उभी. पेट्रोल जाळताय कशाला, असं सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, “बंद केली आन् पुन्हा लागली न्हाई तर?” ती डॉक्टर झाली आणि नांदेडला नोकरीला लागली. पण आली की निघायच्या आधी प्लग बघितल्याशिवाय तिला सोडायची सोय नव्हती, मग तो सोमवार असो नसो.

गेल्या दिवाळीला ती परत निघायच्या दिवशी अप्पांनी प्लग बसवायला घेतला आणि तो आवळेचना. नुसता गरगर फिरत राहिला. आमचा नेहमीचा मेकॅनिक मन्मथ आला. त्याने बघितलं आणि सांगितलं की प्लगला काही झालेलं नाही, सारखं उघडून उघडून भोकातले आटेच झिजलेत. त्याने तिथे नवे आटे बसवून दिले आणि आता वर्षभर हात लावायचा नाही, असं बजावून गेला.

अप्पा पान्यासकट पायरीवर बसले. चेहरा एवढासा झाला होता. जपून जपून आपणच ती बिघडवली, आता तिचा भरवसा कसा धरायचा, असं काहीतरी पुटपुटत होते. मला फार वाईट वाटलं. आरती त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिने पाना त्यांच्या हातातून काढून घेतला.

“मामा, गाडी लागायच्या आधीच आई गेली होती.”

अप्पांनी मान वर केली.

“माझ्या मांडीवरच गेली. तुम्ही प्लग पुसत होता. मला कळलं होतं, पण मी बोलले न्हाई.”

“का गं?”

“तुम्ही हात थांबवले असते. मला वाटलं, गाडी लागली तर ती उठंल.” नंतर सांगायचा धीरच झाला नाही, असं ती म्हणाली.

मी चहाचा कप धरून दारात उभी होते. मला वाटलं, आता या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरेल, चला, बरं झालं. पण अप्पांच्या मनात प्लग नव्हतेच. स्वतःचंही काही नव्हतं. ते आरतीच्या मांडीकडे बघत होते.

“म्हंजी लातूरपर्यंत एकटीच घेऊन बसलीस व्हय गं तिला?”

आरती एवढी डॉक्टर, पण सात वर्षांच्या पोरीसारखी रडली. अप्पांनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि ग्रीस लागलेला हात तिच्या केसांवरून फिरवत राहिले. मीही रडले. चहा गार झाला.

तिला नांदेडच्या बसला सोडायला गाडी मीच काढली. एरवी मी चालवायला असले की अप्पा पुढे माझ्याशेजारी बसून इंजिनाकडे कान लावत. त्या दिवशी ते मागच्या बाकावर आरतीला टेकून बसले, तिचा हात हातात घेऊन. मी किल्ली फिरवली. जिप्सी पहिल्या झटक्यात लागली, आणि त्यांचं लक्षही नव्हतं.