समोरच्या घरातला फ्रिज

सकाळी सव्वानऊला वीज गेली तेव्हा ओनेइडाच्या ओट्यावर दोन मोठी पातेली भरून सॅलड तयार होतं. मॅकरोनी, अननसाच्या फोडी, कोंबडीचं मांस आणि या सगळ्याला धरून ठेवणारं मेयोनीज. ते तिने वीज आहे तोवर उरकावं म्हणून पहाटेच मिक्सरवर घोटलं होतं. फ्रिजची घरघर थांबली. वीजकपातीच्या यादीप्रमाणे वीज संध्याकाळी सातनंतर जायची होती. यादी सांगते एक आणि तार करते दुसरंच, हे कामाहुआनी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी ओनेइडाने यादीवर विश्वास ठेवला, कारण तिला तो ठेवायचा होता.

पाच वाजता गावातल्या यानिस्लेचा पंधरावा वाढदिवस होता. पोरगी पंधरा वर्षांची झाली की इथले आईबाप जो थाट करतात, तो तिच्या लग्नातही करत नाहीत. ऐंशी पाहुणे, ऐंशी पुठ्ठ्याची खोकी. प्रत्येकात केकचा तुकडा, तीन क्रोकेता, म्हणजे तळलेल्या लांबट वड्या, आणि कोपऱ्यात सॅलड. एवढं मोठं काम ओनेइडाने कधी घेतलं नव्हतं. मे महिन्याचं ऊन, कच्च्या अंड्याचं मेयोनीज आणि पुढचे आठ तास. ऐंशी माणसं पोट धरून बसली तर उद्या तिच्या खिडकीशी कोण उभं राहणार होतं?

खिडकी म्हणजेच तिचा धंदा. चार वर्षांपूर्वी साखर कारखाना बंद पडला आणि तिथल्या खानावळीत बावीस वर्षं ढवळलेला डाव तेवढा तिच्या हाती राहिला. पहिल्या दिवशी तिने चाळीस क्रोकेता तळून खिडकीत मांडल्या. अकरा खपल्या. उरलेल्या तिने रागारागाने शेजारीपाजारी वाटून टाकल्या. शेजाऱ्यांनी त्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्लीच धंद्यात उतरली. एवेलिओ म्हाताऱ्याच्या कोंबड्यांची अंडी येऊ लागली. निवृत्त शिक्षिका ओर्तेन्सिया खोकी घडवून देऊ लागली; घडी वाकडी पडली तर ती स्वतःलाच रागवायची. कुणी मिक्सर दिला, कुणी कुठे तेल आलंय त्याची खबर आणली. लोक ‘ओनेइडाच्या क्रोकेता’ म्हणत, पण तिला पक्कं माहीत होतं की त्या गल्लीच्या आहेत. म्हणून भीतीही दुप्पट होती. नाव बुडालं असतं तर तिच्या एकटीचं बुडालं नसतं.

दहा वाजता एवेलिओ दारात येऊन उभा राहिला.

“सॅलड कसं आहे?”

“घाम फुटलाय त्याला. मला त्याहून जास्त.”

“समोर वीज आहे.”

“माहितेय.”

“मिग्दालियाचा फ्रिज चालू आहे.”

“डोळे शाबूत आहेत माझे, म्हाताऱ्या.”

समोरची तीन घरं बाळंतिणींच्या दवाखान्याच्या तारेवर होती, त्यामुळे तिथली वीज सहसा जात नसे. एका घराला कुलूप, माणसं परदेशी गेलेली. दुसऱ्या घरातला फ्रिज केव्हाच बिघडलेला, त्यात आता चपला ठेवत. राहिली ती मिग्दालिया. आणि मिग्दालियाच्या दारात जाण्यापेक्षा ओनेइडाने उन्हात उभं राहून पदराने वारा घातला असता, पण पदर नव्हता आणि वाऱ्याने मेयोनीज वाचत नाही.

गोष्ट महामारीच्या वर्षातली. या गावात रांगेत पायांनी उभं राहायचं नसतं. यायचं, ‘शेवटचं कोण?’ विचारायचं, हात वर करणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल घरी जाऊन भात टाकून यायचं. जागा धरायची ती शेजारच्याच्या शब्दाने. त्या दिवशी दुकानात कोंबडी आली होती. मिग्दालियाने ओनेइडाच्या मागे नंबर लावला आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला औषध द्यायला ती घरी गेली. परतली तेव्हा कोंबड्या संपत आल्याची आवई उठली होती आणि रांग पिसाळली होती. ही कोण मध्येच घुसतेय, म्हणून लोक तिच्या अंगावर धावले. मिग्दालिया म्हणाली, “ओनेइडाला विचारा.”

सगळ्यांनी ओनेइडाकडे पाहिलं. एक ‘हो’ म्हणायचं होतं. पण रांगेने आपल्यालाही धक्के मारून बाहेर काढलं तर, या धास्तीने तिने अळीमिळी गुपचिळी केली आणि चपलांकडे बघत बसली. मिग्दालिया रिकाम्या हाताने घरी गेली. त्याच महिन्यात तिची आई वारली. कोंबडी मिळाली नाही म्हणून कुणी मरत नाही, पण म्हातारीने शेवटचं मागितलं होतं ते कोंबडीचं सूप, हे गल्लीला नंतर कळलं. तेव्हापासून दोघींत बोलणं नाही. गल्लीतल्या प्रत्येकाने खिडकीतली क्रोकेता खाल्ली, मिग्दालियाने एकही नाही.

ओनेइडाने सॅलड चमच्याच्या टोकाने चाखलं. अजून बरं होतं. अजून किती वेळ बरं राहणार, हे तिला सांगता येईना.

“ते एक उचल,” ती एवेलिओला म्हणाली.

दोघांनी एकेक पातेलं उचलून रस्ता ओलांडला. मिग्दालियाच्या पडवीत आधीच चौघं होती: एक तान्ह्याचं दूध घेऊन आलेली आई, दोन मासेवाले आणि शेवटी डुकराची तंगडी खांद्यावर टाकलेला रामिरो. मिग्दालिया झुलत्या खुर्चीत बसून एकेकाला आत सोडत होती.

ओनेइडाने विचारलं, “शेवटचं कोण?”

“मी,” रामिरो म्हणाला. “पण बाई, उगीच पायपीट केलीस. एकच कप्पा राहिलाय आणि माझी तंगडी त्यालाही पुरून उरेल.”

ओनेइडा पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. हात भरून आले होते.

मिग्दालियाने खुर्ची झुलवणं थांबवलं नाही. रस्त्याकडे बघतच ती म्हणाली, “ती तुझ्या आधी आहे, रामिरो. सकाळीच नंबर लावून गेली होती.”

या दोघी एकमेकींचं तोंडही बघत नाहीत हे गावाला ठाऊक होतं. नंबर लावायला ओनेइडा इथे आलीच कशी असती? रामिरोने तंगडी खांद्यावरून उतरवली. रांगेत शब्द दिला की दिला.

ओनेइडाला फक्त गप्प राहायचं होतं. ते तिला चांगलं जमत होतं, सहा वर्षांची सवय होती. पण या वेळी चपलांकडे बघणं तिच्याच्याने झालं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “मी सकाळी आले नव्हते. पण त्या दिवशी कोंबडीच्या रांगेत मिग्दालिया माझ्या मागे होती. मला विचारलं आणि मी घाबरून गप्प बसले. आज सगळ्यांच्या देखत सांगते.”

तिला वाटलं, गेला कप्पा. गेलं सॅलड, गेली खिडकी. पण बोलून झाल्यावर तिला लाज वाटली ती कप्प्याची नाही, आपल्याला सहा वर्षं लागली याची.

खुर्ची थांबली.

“कोंबड्या किती मिळाल्या तुला?” मिग्दालियाने विचारलं.

“एक.”

“चव होती?”

“नव्हती.”

मिग्दालिया उठली. “रामिरो, तंगडीला मीठ चोळून ठेव. दिवसभरात मरत नाही ती.”

“ती मेलेलीच आहे.”

“मग तर घाईच नाही.” तिने आत जाऊन स्वतःचं घेवड्याचं कालवण, बर्फाचे डबे आणि भोपळ्याची फोड बाहेर काढून ओट्यावर ठेवली. दोन्ही पातेली बसली. दूधही राहिलं, मासेही राहिले. ओनेइडा फ्रिजच्या दाराशी उभी राहून सारखी पातेल्यांना हात लावून बघत होती. शेवटी मिग्दालियाने दार तिच्या नाकासमोर लावलं.

चार वाजता खोकी भरली गेली ती मिग्दालियाच्याच टेबलावर. ओर्तेन्सियाने दोन जास्तीची दिली होती, फाटलं-तुटलं तर असावीत म्हणून. मिग्दालियाने त्यातल्याच एका खोक्याचं झाकण फाडलं, इथे सगळे करतात तसा त्या पुठ्ठ्याचा चमचा दुमडला आणि पातेल्यात घातला. या बाईने ओनेइडाच्या हातचं पहिल्यांदाच तोंडात घातलं होतं.

मिग्दालियाने सावकाश चावलं.

“खराब नाही झालेलं. मीठ कमी आहे.”

“घालू?”

“राहू दे, पोरांना चालतं.” तिने पुठ्ठ्याचा चमचा पुन्हा भरला. “उद्या आईला जाऊन सहा वर्षं होतील. कोंबडीचं सूप कर. त्यात मात्र मीठ नीट घाल.”

ओनेइडाने मान हलवली आणि पुढचं खोकं ओढलं. अजून एकतीस भरायची होती.