काकांचा डावा डोळा

वडिलांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे सुतारकाका. फळी सरळ आहे की नाही हे बघायची त्यांची एकच रीत: फळी नजरेच्या रेषेत धरायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून पार टोकापर्यंत बघायचं. चाळीस वर्षं डाव्या डोळ्याला भरपगारी सुट्टी. त्यांच्या दुकानातला ताज्या सालपटांचा वास आठवला की आजही गलबलून येतं.

एकदा उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. त्यावर पट्टी बांधून काका कामाला उठले आणि दाराच्या चौकटीवरच आदळले. डाव्या डोळ्याला समोरचं तेवढं धुरकट दिसत होतं, बाजूचं काहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते आणि गेलेली परत येत नाही. उरलेली मात्र थेंबांनी राखता येते. उजव्यातही सुरुवात झालेलीच होती.

काका हबकले ते वेगळ्याच गोष्टीने. हा आजार घराण्यात उतरतो, चाळिशी ओलांडलेल्या भावंडांनी तपासून घ्यावं, असं बाई म्हणाल्या. म्हातारपणी आमचे आजोबा खुर्च्यांना धडकायचे आणि आम्ही त्यांना धांदरट म्हणून हसायचो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

वडील मात्र हट्टी. सुईत दोरा ओवता येतोय, मग मी कशाला जाऊ, हे त्यांचं पालुपद. काकांनी तीन आठवडे समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दुकानाला कुलूप लावून ते आमच्याकडे आले आणि वडिलांसमोर बसले.

"मलाही सगळं दिसतच होतं," ते म्हणाले. "तुझी नजर तू नको मोजूस, त्या बाईंना मोजू दे. ऊठ."

वडील चपला घालून निघाले. दाब वाढलेला निघाला, पण नस शाबूत होती. त्या दिवसापासून त्यांनी थेंब कधी चुकवले नाहीत.

काकांच्या उजव्या डोळ्याने थेंबांच्या जोरावर आणखी पंधरा वर्षं साथ दिली. मग त्यांना जेमतेम उजेड कळायचा. वडील रोज सकाळी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचे, मधेच एखाद्या मथळ्यावरून दोघं भांडायचे. मी एकदा विचारलं, काका, वाईट वाटतं का?

"वाटतं की," ते म्हणाले. "पण आमच्या दोघांत मिळून दोन डोळे आहेत ना."