घानाची ओळख करून द्यायला गेलो होतो

शनिवारी शहापूरला गेलो होतो, चार मुलांना घाना हा देश समजावून सांगायला. खरं सांगतो, जायची अजिबात इच्छा नव्हती...

मी मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी करतो. आठवडाभर उभं राहून पाय बोलायला लागतात, त्यात सुट्टीच्या दिवशी बाईकवर तासभर हाडं खिळखिळी करून घ्यायची. पण एका संस्थेने गळ घातली. ग्रॅज्युएशन झाल्यावर, नोकरीला लागायच्या आधी एक वर्ष गॅप घेऊन आपल्या भागातली चार मुलं घानातल्या शाळांमध्ये शिकवायला जायची होती. तुम्ही तिथे राहिलात, जरा ओळख करून द्या म्हणाले.

राहिलोय. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात, कुमासी शहरात, तांदळाच्या गोदामावर तीन वर्षं सुपरवायझर होतो. परत येऊन आठ वर्षं झाली आणि आठ वर्षं तेच प्रश्न ऐकतोय. सिंह दिसले का, खायला काय मिळतं, भीती नाही का वाटली... आमच्या वैशाखरे गावात बिबट्या फिरून गेला तरी कोणी एवढी चौकशी करत नाही.

तर मी सव्वीस स्लाइड केल्या होत्या. पिवळ्या तापाची लस घ्या, मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका, डाव्या हाताने कोणाला काही देऊ नका, अंधारात एकटे फिरू नका. मला मलेरिया दोनदा झाला, तेही सांगितलं. आपल्याकडे पोरांची काळजी करायची म्हणजे हे करू नको, ते करू नको, एवढंच आपल्याला येतं. त्यात माझा आवाज असा कंटाळलेला, की पोरं जांभया द्यायला लागली.

मागे एक बाई बसल्या होत्या. डोळखांबकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहेत, चौघांमधल्या प्रज्ञाच्या आई. नवरा नाही, एकच मुलगी. संस्थेला नावं त्याच दिवशी हवी होती, म्हणून प्रज्ञाने आईला "एकदा ऐकून तर घे" म्हणत आणलं होतं.

माझं संपलं तशा बाई उठल्या. "चल गो घरी. नाय जायाचं तिकडं."

प्रज्ञाने वही मिटली. दोन वर्षं ही पोर या एका वर्षाची तयारी करत होती आणि मी पाऊण तासात त्याचं मातेरं केलं होतं.

दारापाशी जाऊन बाई वळल्या. "तुमाला मलेरिया झाला तवा जवळ कोण होतं?"

म्हटलं, घरमालकीण. आकोसुआबाई. चार दिवस दवाखान्यात माझ्याजवळ बसून होत्या.

"मग तुमच्या फोटोत ती बाई कुठं नाय दिसली?"

मी स्लाइड मागे चाळल्या. विमानतळाचा फोटो होता, गोदामाचा होता, लसीच्या कार्डाचासुद्धा होता.

"लावा तिला फोन," बाई म्हणाल्या.

आता पंचाईत झाली. परत आल्यावर सुरुवातीला आकोसुआबाईंचे मेसेज यायचे. उद्या उत्तर देऊ, रविवारी देऊ, निवांत देऊ... थकलेला असायचो, दुसरं काही कारण नाही. मग मेसेज थांबले. आता कोणत्या तोंडाने फोन करायचा? आपले साडेअकरा म्हणजे तिकडे सकाळचे सहा, अंगण झाडायची वेळ. लावला.

उचलला. मी नाव सांगितलं आणि इंग्रजीत माफी मागायला लागलो, तर त्यांनी मधेच थांबवलं.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"म्हणतात, आधी बस. पाणी पी. मग सांग काय काम काढलंस."

तिकडची रीतच आहे ती. दारात आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं, आणि तो प्यायला की मगच येण्याचं कारण विचारायचं. तीन वर्षं ज्या ज्या घरी गेलो तिथे मला आधी पाणी मिळालं, आणि सव्वीस स्लाइडमध्ये ते एकदाही लिहावंसं वाटलं नव्हतं.

बाईंनी टेबलावरचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "मग प्या की. ती थांबलीय."

प्यायलो. 

मग दोघी बोलायला लागल्या आणि मी मधे दुभाष्या. आकोसुआबाईंनी विचारलं, मुलगी कोणत्या वारी जन्मली? गुरुवारी, बाई म्हणाल्या. मग आमच्यात तिचं नाव याआ, आकोसुआबाई म्हणाल्या. तिकडे जन्मवारावरून नाव ठेवतात. शाळा कुमासीपासून लांब असली तर सुट्टीला माझ्याकडे येऊ दे, असंही म्हणाल्या.

 बाई खुर्ची ओढून बसल्या. "तिला सांगा, पोरीला दोन टाइम भात लागतो."

मी सांगितलं. तिकडून हसू ऐकू आलं. भात इथेही रोज शिजतो म्हणाल्या.

"दे गो नाव," बाई प्रज्ञाला म्हणाल्या.

तिचं नाव यादीत गेलं. पोर जूनमध्ये निघतेय, आणि तिला पाठवणारा मी नाही, त्या दोघी आहेत. मी आयुष्यभर आकोसुआबाईंचा ऋणी आहे, हे इथे लिहितोय, कारण त्यांना कधी सांगितलं नाही.

फोन ठेवेपर्यंत त्यांनी माझी नोकरी विचारली, तब्येत विचारली, आई कशी आहे विचारलं. आठ वर्षं कुठे होतास, एवढं मात्र विचारलं नाही... विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.