तीर्थपुरीपर्यंत, ताईच्या नावानं

नवी वस्तू कार्याच्या दिवशीच अंगाला लावायची, हे आमच्या घराण्याचं वळण. लग्नाचं धोतर लग्नात, दिवाळीचा सदरा दिवाळीत. त्याच न्यायानं पळण्याचे नवे बूट मी पळण्याच्या दिवसापर्यंत खोक्यात जपून ठेवले आणि सगळा सराव जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर उरकला. त्या दिवशी पहाटे बदनापुरात घराबाहेर पडताना ते पायात चढवले, तर डावा बूट असा काही चावायला लागला की भाड्याच्या जीपपर्यंत जातानाच मी लंगडू लागलो. दुकानदाराला, कंपनीला आणि शेवटी देवानं दिलेल्या माझ्या पायाला दोष देऊन झाला. जालना जवळ आलं तेव्हा मंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "काढा बघू इकडं." तिनं बुटात हात घातला आणि टोकातून दुकानात कोंबलेला कागदाचा भलामोठा बोळा बाहेर काढला.

"उजव्यातला काढला होता का?"

"हो."

"मग डाव्यानं काय घोडं मारलं होतं?"

ड्रायव्हर हसला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या धुराड्यांमागं आभाळ तांबडं होत होतं. रात्रपाळी सुटलेली माणसं मफलरनं तोंडं गुंडाळून एकेका मोटारसायकलवर तिघं-तिघं घरी निघाली होती. मिल मागं पडल्या, अंबड मागं पडलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा आणि ऊस सुरू झाला. हा रस्ता मला तोंडपाठ. माझी थोरली बहीण लताताई तीर्थपुरीला दिलेली. दोन वर्षांपूर्वी ती कॅन्सरनं गेली.

आजारपणात ती आणि दाजी (बहिणीचा नवरा) याच रस्त्यानं एसटीनं शहरातल्या दवाखान्यात जायचे. इंजेक्शन घेऊन परतताना ताईला उलट्या व्हायच्या. दाजी तिच्या तोंडापुढं पिशवी धरून बसायचे आणि पुढच्या सीटवरच्या माणसांची माफी मागायचे. तीर्थपुरीच्या काही डॉक्टर-मास्तरांनी मिळून अशा पेशंटांसाठी एक गाडी घ्यायचं मनावर घेतलं होतं. त्यासाठी पैसे उभे करायला ही अर्धी मॅरेथॉन. घनसावंगीच्या बाजूनं सुटायचं आणि तीर्थपुरीच्या बाजारतळावर पोचायचं. ज्याला ज्याच्या नावानं पळायचं त्यानं ते नाव छातीवर लावायचं.

मी पन्नाशी ओलांडलेला, पोट माझ्या आधी वळणावर पोचणारा माणूस. तरी नाव दिलं आणि दाजींना फोन केला.

"दाजी, ताईच्या नावानं पळून राह्यलो."

"किती?"

"एकवीस किलोमीटर."

दाजींनी आकडा पुन्हा एकदा वदवून घेतला. मग, "तुमच्यानं, पाव्हणं?"

ताई गेल्यापासून दाजी बाजारात आले नव्हते. घर ते शेत, शेत ते घर. लग्नाला नाही, जत्रेला नाही, पारावरसुद्धा नाही. पण त्या दिवशी फोनवर ते आपणहून म्हणाले, "मी येतो बाजारतळावर. पर मला उन्हात बसवत न्हाई आता. दहाच्या आत या." माझ्यासाठी सगळी शर्यत त्या एका वाक्यात होती. मेडल मिळो न मिळो, दाजी घराबाहेर पडणार होते. मंदा जीपनं पुढं जाऊन त्यांच्याजवळ थांबणार असं ठरलं. जाताना ती माझा फोनही पर्समध्ये टाकून घेऊन गेली. पळताना फोनवर बोलण्याची माझी सवय तिला माहीत होती.

सुरुवात झकास झाली. जानेवारीची थंडी, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमधून सांडलेली वाढी (उसाच्या शेंड्याची हिरवी पानं), आणि कडेला उभी बायका-मुलं. तरुण पोरं पहिल्या वळणालाच दिसेनाशी झाली. मी एका रिटायर तलाठ्याच्या मागं राहिलो. ते गृहस्थ वडिलांच्या नावानं पळत होते आणि दर थोड्या वेळानं मागं वळून मला म्हणायचे, "हळू चला, जल्दी काय आहे?" एका शेताच्या बांधावर हुरडा भाजणं चालू होतं. तिथल्या म्हातारीनं माझ्या मुठीत गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी दिली. पळणाऱ्यानं चटणी खाऊ नये, हे मला पुढच्या किलोमीटरभर घशानं समजावून सांगितलं.

निम्मं अंतर मागं पडलं तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. माझा हिशेब बरोबर बसत होता. तेवढ्यात एक गाव लागलं. कमानीपाशी मांडव, त्यात खुर्च्या, लाउडस्पीकर. पाणी द्यायला उभ्या असलेल्या एका बाईनं माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि ग्लास हातातच धरून ती ओरडली, "अगं बया, हे तर आपल्या अंगणवाडीच्या बाईंचं नाव!"

ताईनं या गावात कितीतरी वर्षं अंगणवाडी चालवली होती. सकाळी तीर्थपुरीहून यायची, दुपारी परत जायची. क्षणात माझ्याभोवती घोळका झाला.

"तुम्ही बाईंचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"मंग असं कसं जाता? भाऊ दारावरून जातो आणि आम्ही नुसतं पाणी पाजावं?"

मी म्हणालो, "माझे दाजी वाट पाहतायत." सरपंच म्हणाले, "बिलकुल वेळ घेत न्हाई. पाच मिनिटं." आमच्याकडं माणसाला मान द्यायचा तर उभ्याउभ्या देता येत नाही. त्याला बसवावं लागतं, फेटा बांधावा लागतो, शाल-नारळ द्यावा लागतो. फेटा बांधणारा शेतात गेलेला होता. त्याला बोलावून आणलं. तोवर एकेक बाई पुढं येऊन सांगत होती. एकीच्या मुलाला ताईनं मांडीवर बसवून अक्षरं गिरवायला शिकवली होती. दुसरीचा मुलगा आता लातूरला डॉक्टरकी शिकत होता. तिसरी नुसती माझा हात धरून रडली. ताईच्या दहाव्याला यायचं त्यांचं राहून गेलं होतं, ते त्या आज करत होत्या. अशा वेळी उठून पळायचं कसं?

इथवर माझी चूक नव्हती. पुढची मात्र माझीच. सरपंचांनी माईक माझ्या हातात देऊन सांगितलं, "दोन शब्द." मंदा म्हणते, मला माईक दिला की तो परत घ्यायला माणूस लावावा लागतो. ताईवर मला कधी कुणी बोलायला लावलं नव्हतं. लोक ऐकत होते, बायका डोळ्याला पदर लावत होत्या, आणि डोक्यावर गुलाबी फेटा होता. मी ताईच्या लहानपणापासून सुरुवात केली. ती लग्नापर्यंत पोचेस्तोवर तलाठीसाहेब लांब निघून गेले होते. मांडवाची सावली माझ्या पायांवरून सरकून गेली तेव्हा मला दाजी आठवले.

मग मी पळालो. खरं सांगायचं तर त्या दिवसातलं खरं पळणं तेवढंच. एका हातात नारळ, डोक्यावर फेटा, शाल कमरेला बांधलेली. नारळ टाकवेना, तो ताईच्या नावचा. फेट्याचा शेमला वाऱ्यानं तोंडावर यायचा. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "नवरदेव, वरात कुठं राह्यली?" मला हसू आलं नाही. ऊन पाठीवर उभं होतं. पोटऱ्यांत गोळे आले, ते दाबत, चालत, परत पळत मी तीर्थपुरीत शिरलो.

बाजारतळावर खुर्च्या एकमेकींत रचून टेम्पोत चढत होत्या. शेवटची रेघ पुसून गेली होती. कडुलिंबाखाली मंदा एकटी उभी होती. माझ्याकडं, मग फेट्याकडं बघून ती म्हणाली, "गेले."

"कधी?"

"आत्ता थोड्या वेळापूर्वी. माईकवरून सांगितलं, सगळे आले म्हणून. तरी थांबले होते उन्हात."

मी नारळ कडुलिंबाच्या पारावर ठेवला. मंदानं बाकीचं सावकाश सांगितलं. दाजी धुतलेला सदरा घालून, टोपी घालून आले होते. टॉवेलात गुंडाळून पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा आणला होता. भाकरी त्यांनी स्वतः थापली होती, एक बाजू करपलेली. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि मग आत घ्यायचं, हे आमच्याकडं घरातली बाई करते. मी तीर्थपुरीला गेलो की ताई प्रत्येक वेळी करायची. दाजींनी मंदाला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मंदाबाई, तुकडा आधी का पाणी आधी?" चार माणसांत बाईचं काम करायला तो माणूस तयार होऊन आला होता.

"आणि जाताना काय म्हणाले?"

"म्हणाले, पाव्हण्यांना झेपलं न्हाई वाटतं. मागं राह्यलेल्यांच्या गाडीतनं उतरताना आपण समोर दिसलो तर त्यांनाच लाज वाटंल. मी जातो घरी." मंदानं बुंध्याकडं बोट केलं. "पाणी या झाडाला घातलं."

आम्ही जीपनं दाजींच्या घरी गेलो. मी पळतच अंगणातून ओसरी, ओसरीतून उंबरा ओलांडून थेट आतल्या खोलीत शिरलो. दाजी खाटेवर बसून टोपी खुंटीला लावत होते.

"दाजी, चुकलं माझं. वाटेत ताईच्या अंगणवाडीच्या गावानं धरून बसवलं."

त्यांनी फेट्याकडं पाहिलं. "सत्कार झाला वाटतं. चांगलं झालं. लई जीव होता तिचा त्या गावावर." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आता करा की, दाजी. तुकडा आहे ना?"

ते जरा हसले. "पाव्हणं, ते उंबऱ्याच्या बाहेर असतं. तुम्ही आत आलात."

मी म्हणालो, परत बाहेर जातो. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग उठून माठातलं पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला. चहात साखर जास्त झाली होती. आम्ही पावसापाण्याचं, कापसाच्या भावाचं बोललो. ताईचं नाव दोघांनीही काढलं नाही. निघताना ते अंगणापर्यंतच आले.

परतीच्या वाटेवर तेच गाव लागलं. मांडव उतरवलेला होता. मी ड्रायव्हरला थांबू नको म्हणून सांगितलं. तीर्थपुरीच्या पेशंटांसाठी गाडी येणार आहे, आणि तिच्या एखाद्या चाकाला माझ्याही घामाचा थेंब लागला असेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. ती पटत नव्हती. ताईसाठी मी पळालो खरा. पण ताईच्या माणसानं जे करायला दोन वर्षांनी घर सोडलं, ते मी माईकवर बोलण्यात घालवलं. तो माणूस परत तांब्या घेऊन चारचौघांत उभा राहील, याची मला खात्री नाही.

बदनापूरचं स्टेशन दिसू लागलं तेव्हा मंदानं माझ्या डोक्यावरचा फेटा उतरवला. मग फेट्याची घडी घालता घालता म्हणाली, "येत्या भाऊबीजेला आपण तीर्थपुरीला जायचं. एसटीनं. आणि घर आलं की बाहेरच उभं राहायचं. दाजी उठून बाहेर येईपर्यंत तुमच्या तोंडातून एक शब्द निघाला तर बघा."