संक्रांतीपर्यंतची मुदत

ओठांवर बोट ठेवून गप्प बसण्याची खूण शिक्षक मुलांना करतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आमचे सर ती खूण मला करीत. पहिलीच्या एखाद्या मुलाला मी "बोल ना, काय आहे हे?" असे विचारू लागले, की वर्गाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे बोट ओठांवर जाई. "ऐकून राहिलंय ना लेकरू? मग काहून तकलीफ देता, मॅडम?"

सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची ही आमची दोन शिक्षकी शाळा. मुलांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मराठीशी त्यांची खरी गाठ पडते ती शाळेतच. मला ही नोकरी मिळाली तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. तोवर मी फक्त शिकत होते. माणूस दुसरी भाषा कशी आत्मसात करतो, यावर मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. शिकणाऱ्याचा मौनकाळ, त्याला उमजेल अशी भाषा सतत कानांवर पडण्याची गरज, भीतीमुळे अडणारे शिक्षण, हे सारे मला पाठ होते. मात्र न बोलणारे खरेखुरे मूल समोर बसले, तेव्हा मी गडबडले.

सरांनी पहिल्याच आठवड्यात मला मुलांच्या रांगेत बसवले. "आज मॅडम शिकणार. तुमी शिकवा रे!" भाकरीला बाटी, आईला याडी, असे धडे सुरू झाले. मुले गोरमाटीत हुकूम सोडत, मी भलतीकडेच धावे आणि वर्ग हसून लोळे. हळूहळू मला बरेच समजू लागले, पण तोंडातून शब्द फुटेना. सर म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या मॅडमचं बी तोंड उघडंना. मग सहा वर्साच्या पोरीनं काय करावं?" मी लाजले, आणि त्याच क्षणी विलक्षण आनंदलेही. ज्यावर मी गुण मिळवले होते, ते माझ्याच जिभेवर घडत होते!

ती सहा वर्षांची पोरगी म्हणजे खिडकीपाशी बसणारी, जूनपासून मराठीत एक अक्षरही न बोललेली मुलगी. दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे वडील शाळेत आले आणि मी, पुस्तकी प्रामाणिकपणाने, त्यांना सांगून टाकले, "ती वर्गात बोलतच नाही."

"घरी हिची टकळी थांबत न्हाई अन् हितं मुकी?" ते म्हणाले. "मग बसून काय करून राहिली? शेळ्या तरी राखंल."

माझ्या एका वाक्याने तिची शाळा सुटायची वेळ आली होती. सरांनी घाईने मध्ये पडून मुदत मागितली. "संक्रांतीपर्यंत द्या. पुढं तुमची मर्जी."

मला वाटले, आता ते तिच्याकडून रोज दहा शब्द घोकून घेतील. छे! त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. ते फक्त मराठीत बोलत आणि बोलतील ते करून दाखवत. मधूनच मुद्दाम चुकत. "आता चप्पल घालतो," म्हणत आणि ती हातांत चढवत. मुलांना राहवत नसे. ती मुलगी मात्र नुसती डोळ्यांनी हसे.

डिसेंबरात एके दिवशी त्यांनी शेजारची शेळी पटांगणात आणली. "आता मी शेळी बांधतो," असे म्हणून त्यांनी खुंट्याच्या अगदी टोकाला दोरीचा सैल वेढा दिला. शेळीने मान झटकली.

"सर, असं नाही! खाली बांध! शेळी जाते ना!"

खिडकीतली मुलगी! मी "बांधा म्हणावं," असे सांगणार, एवढ्यात ते बोट ओठांवर गेले. "आत्ता न्हाई, मॅडम. आत्ता न्हाई." शेळी खरोखरच पळाली. सगळा वर्ग तिच्यामागे धावला, आणि मीही!

सर आता निवृत्त होऊन वसमतला राहतात. शाळेत त्यांची खुर्ची तेवढी आहे. त्यांची आठवण निघाली, की मला संक्रांतीच्या आदल्या दिवसाचा वर्ग दिसतो.

तिचे वडील दारात उभे होते. आमच्याकडे न पाहता त्यांनी मुलीला गोरमाटीत सांगितले, "दप्तर घे. उद्यापासून शाळा बंद." मला सगळे समजले. सरांना तर गोरमाटी उत्तम येत होती. तरीही ते भोळा चेहरा करून मुलीला म्हणाले, "काय म्हणून राहिले गं बापू? मॅडमला सांग."

तिने मान खाली घातली. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बापू म्हणतो, उद्या पोरगी शाळेत येणार. रोज येणार."

वडिलांना मराठी येते, हे तिला आमच्याइतकेच ठाऊक होते. ते तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

"व्हय," ते म्हणाले. "असंच म्हणलो मी."

सर आमच्याकडे पाठ करून फळा पुसू लागले. फळ्यावर काहीही लिहिलेले नव्हते.