प्रज्ञाच्या कमाईची साक्ष

महेंद्र सर मुरबाडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. अपघाताच्या दाव्यांत वकील त्यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून कोर्टात न्यायचे. गेलेलं माणूस जगतं तर पुढं किती कमावतं, याचा अंदाज सांगायचा. मागं राहिलेल्यांच्या पदरात निदान काही पडावं म्हणून सर हे काम मन लावून करत.

प्रज्ञाचा दावा मात्र त्यांना जड गेला. वैशाखरे गावची ही पोरगी त्यांचीच विद्यार्थिनी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. माळशेजच्या रस्त्यावर टेम्पोनं तिला उडवलं, ती जागीच गेली. तिची आई वंदना घरी येऊन म्हणाली, "सर, ती शाळेत बाई होणार होती. तुमी सांगा कोर्टात. तुमचं ऐकतील."

सरांनी सांगितलं. पोरगी हुशार होती, बी.एड. करणार होती, शिक्षिकेच्या पगाराइतकी तिची कमाई धरावी.

टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलानं सरांचाच प्रबंध पुढं केला. मुरबाड-शहापुरातल्या पदवीधर मुलींचं पुढं काय होतं, हे गावोगाव हिंडून, घरोघरी विचारून सरांनी लिहिलं होतं. त्यावरच त्यांना डॉक्टरेट मिळाली होती.

"यात म्हटलंय, शंभरातल्या जेमतेम चौघींना पगाराची नोकरी लागते. बाकीच्या घरी बसतात, नाहीतर मजुरीला जातात. खरं की खोटं?"

"पण प्रज्ञा..."

"खरं की खोटं, एवढंच सांगा."

सरांनी शपथ घेतली होती. "खरं," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर वंदनानं हळूच विचारलं, "सर, तुमी आमच्याच बाजूनं होतात ना?"

"हो, ताई."

"मग ती त्या चौघींतली नाय, असं कसं होऊ दिलंत? वर्गात तर तिला पहिली म्हणायचात."



काही महिन्यांनी निकाल लागला. दावा मंजूर झाला, पण प्रज्ञाची कमाई मजुरणीच्या रोजानं धरून.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. प्रज्ञाची धाकटी बहीण मेघा बारावी चांगली पास झालेली, तरी कॉलेजात आली नाही. सर चौकशीला वैशाखऱ्याला गेले, तर ती एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती.

"मेघा हुशार आहे, ताई. शिकवा तिला," हे शब्द त्यांच्या ओठांवर आले, पण शंभरातल्या त्या चौघी आठवल्या आणि ते तिथंच थांबले. वंदना समोर बसली होती. चेहऱ्यावर राग नव्हता. सर सांगतील ते तिनं आजही खरं मानलं असतं.

सरांनी चहा संपवला आणि ते उठले.